नऊ निवडणुका आणि सातपुडा

महाराष्ट्राच्या लोकसभा मतदारसंघांची यादी नंदुरबारपासून सुरू होते आणि विधानसभेची अक्कलकुव्यापासून. अक्कलकुव्याच्या यादीत मतदान केंद्र क्रमांक १ मणिबेलीचे. सरदार सरोवराच्या भिंतीच्या वरच्या अंगाला, नर्मदेच्या काठावरचे हे गाव. जवळचे मोठे ठिकाण म्हणाल तर गुजरातचे केवडिया. तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेल्या मतदान पथकाला डोंगर, परका मुलूख आणि पाणी असे तिन्ही ओलांडावे लागते. राज्याचे मतदान कागदावर जिथून सुरू होते, तिथे पोचणेच सगळ्यात अवघड, असा हा कारभार आहे.

लोकसभेच्या यादीच्या पहिल्या क्रमांकावरून एकच माणूस सलग नऊ वेळा दिल्लीला गेला. माणिकराव होडल्या गावित. १९८१ ची पोटनिवडणूक, मग १९८४, १९८९, १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४ आणि २००९. मतदारसंघ एक, पक्ष एक, निशाणी एक. त्या काळात देशाने पंतप्रधानही नऊच पाहिले: इंदिरा गांधी, राजीव गांधी, विश्वनाथ प्रताप सिंह, चंद्रशेखर, नरसिंह राव, वाजपेयी, देवेगौडा, गुजराल आणि मनमोहन सिंग. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नाशिकला वयाच्या ८७ व्या वर्षी माणिकराव गेले, तेव्हा वर्तमानपत्रांतून ‘नऊ वेळा खासदार’ हे तीन शब्द बहुतेक मथळ्यांत होते. खरे तर सांगण्यासारखी गोष्ट त्या तीन शब्दांच्या मागे सुरू होते. हा माणूस नऊ वेळा कसा निवडून आला, आणि त्या तेहतीस वर्षांत ज्यांनी निवडून दिले त्यांच्या वाट्याला काय आले?

माणिकराव अक्कलकुव्याचे नव्हेत, नवापूरचे. नवापूर म्हणजे जिल्ह्याचे दक्षिण टोक, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे गाव. तिथल्या रेल्वे स्थानकाच्या मधूनच राज्याची हद्द जाते, म्हणजे फलाटाचा एक तुकडा महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. अक्कलकुवा त्या मानाने दुसऱ्या टोकाला, तापी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर. तालुक्याचे गाव सपाटीवर, पण तालुका खरा वर डोंगरात. देवगोईचा घाट चढून मोलगीला गेले की पाडवी, वसावे, वळवी, तडवी यांची घरे लागतात, डोंगराच्या एकेका सोंडेवर एकेक. एका गावाचे दहा-बारा पाडे आणि एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला तास. पुढे अक्राणी, म्हणजे धडगाव, आणि तिथे पावरांची वस्ती. नवापूरची बोली वेगळी, इथली देहवाली वेगळी, पावरी त्याहून वेगळी. बाहेरच्याला सगळे ‘आदिवासी भाग’ म्हणून एकच दिसते. प्रचाराच्या जीपमधून फिरणाऱ्याला मात्र दर पन्नास किलोमीटरवर दुभाषा बदलावा लागतो.

या डोंगरातले राजकारण समजायचे तर थोडे मागे जावे लागते. इंग्रजांच्या काळात हा मुलूख मेवासी संस्थानांचा होता. काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर अशी ही लहान लहान ठाणी. साहेबाने त्यांच्यावर देखरेख ठेवली, पण रोजचा कारभार त्यांच्या प्रमुखांवर सोडला. काठीची राजवाडी होळी आजही पेटते आणि तिला लांबलांबून लोक येतात. राजा गेला, पण वडीलधाऱ्याच्या शब्दाचे वजन गेले नाही. त्यावर १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या गुला महाराजांची आप चळवळ उभी राहिली. दारू सोडा, आंघोळ करा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्या, एवढाच उपदेश. हजारोंनी माणसे आरतीला जमू लागली, इतकी की सरकारला धास्ती वाटली. गुला महाराज १९३८ मध्ये गेले, चळवळ त्यांच्या भावाने, रामदास महाराजांनी, पुढे नेली. स्वातंत्र्यानंतर काँग्रेस या डोंगरात शिरली ती या दोन पायवाटांनी: वडीलधाऱ्यांचा शब्द आणि सुधारणेची ओढ. इंदिरा गांधींचे नाव त्यावर नंतर कोरले गेले, आणि ते इतके खोल गेले की बाई जाऊन दशके लोटली तरी पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना निवडणूक म्हटली की पंजाच आठवे.

नंदुरबारची लोकसभेची जागा १९६२ पासून काँग्रेसकडे होती. १९६७ आणि १९७१ मध्ये तुकाराम हुरजी गावित, १९७७ आणि १९८० मध्ये सुरूपसिंग नाईक. त्यातले १९७७ महत्त्वाचे. आणीबाणीनंतरच्या त्या लाटेत महाराष्ट्रातही काँग्रेसला ४८ पैकी २० जागांवर थांबावे लागले, पण नंदुरबार हलले नाही. मधल्या काळात, १९७१ पासून, खाली शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात अंबरसिंग सुरतवंतींच्या मागे शेतमजूर उभे राहिले. गेलेल्या जमिनी परत मागितल्या, सालदारांच्या मजुरीचा प्रश्न काढला, श्रमिक संघटना उभी केली. महाराष्ट्राच्या चळवळींच्या इतिहासात ते पान ठळक आहे. मतपेटीत मात्र त्याचे प्रतिबिंब फारसे पडले नाही. मोर्चाला लाल बावटा आणि मतदानाला पंजा, हा हिशेब इथल्या माणसाला परस्परविरोधी वाटला नाही. मोर्चा मजुरीसाठी होता आणि मत हे नाते होते.

सुरूपसिंग आणि माणिकराव दोघेही नवापूर तालुक्याचे. माणिकराव १९८० मध्ये नवापुरातून विधानसभेवर निवडून गेले. वर्षभरातच अदलाबदल झाली. सुरूपसिंग दिल्ली सोडून राज्यात आले, माणिकराव मुंबई सोडून दिल्लीला गेले. पुढची तीन दशके जिल्ह्याच्या काँग्रेसचा संसार या वाटणीवर चालला. मंत्रालय एकाकडे, संसद दुसऱ्याकडे. दोघांनी एकमेकांच्या शेतात नांगर घातला नाही. महाराष्ट्रात एका तालुक्यातले दोन मातब्बर नेते इतकी वर्षे एकमेकांच्या वाटेत न येता राहिले, याची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही सापडायची नाहीत. इथे माणिकरावांच्या स्वभावाचा वाटा मोठा असला पाहिजे. मुंबईत राहून सत्तेचा मलिदा, बदल्या, ठेके, आश्रमशाळा हे सगळे हाताळणारा माणूस दुसरा असताना त्यांनी दिल्लीची कोरडी खासदारकी पत्करली आणि तक्रार केली नाही.

आता आकड्यांकडे पाहा. महाराष्ट्रात काँग्रेसने १९८४ मध्ये ४३ जागा जिंकल्या, तेव्हा माणिकराव निवडून आले यात नवल नाही. १९८९ मध्ये २८, १९९१ मध्ये ३८, तेही ठीक. पण १९९६ मध्ये पक्ष १५ वर आला आणि १९९९ मध्ये, शरद पवार बाहेर पडल्यावर, अवघ्या १० वर. भलेभले पडले. या १५ मध्ये आणि त्या १० मध्येही माणिकराव होते. २००४ च्या १३ मध्ये होते, २००९ च्या १७ मध्ये होते. लाट त्यांच्या बाजूने असो की विरोधात, नंदुरबारचा निकाल ठरलेला. दिल्लीत पक्षाच्या कार्यालयात अशा जागेला ‘सुरक्षित’ म्हणतात. सुरक्षित जागेचे दुर्दैव असे की तिथे काही द्यावे लागत नाही.

निवडणुकीतला त्यांचा दिवस कसा असे, हे या भागात कोणत्याही जुन्या कार्यकर्त्याला विचारावे. एप्रिल-मे म्हणजे मोहाची फुले वेचून वाळवण्याचे, लग्नांचे आणि गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसे परतण्याचे दिवस. सकाळी सपाटीवरून निघायचे, देवगोई चढायचा, मोलगीच्या बाजारात थांबायचे. व्यासपीठ म्हणजे जीपचा पाठीमागचा भाग किंवा आंब्याखालची खाट. पुढाऱ्याने मराठीत चार वाक्ये बोलायची, स्थानिक माणसाने ती बोलीत सांगायची, आणि सांगताना चारची दहा करायची. माणिकराव मुळात मोठे वक्ते नव्हते. आवाज चढवणे, टाळ्या घेणे, विरोधकाला नावे ठेवणे त्यांना जमले नाही किंवा आवडले नाही. पण ज्या सभेत श्रोत्यांपर्यंत भाषण दुसऱ्याच्या तोंडून पोचते, तिथे वक्तृत्व हे तसेही वायाच जाणारे भांडवल. लोक बघत ते हे, की माणूस घाट चढून आला का, खाटेवर बसला का, पाणी प्यायला का. ते आले, बसले, पाणी प्यायले. पाच वर्षांनी पुन्हा आले.

आणि मधल्या पाच वर्षांत? इथे लेखणी थोडी जड होते. पण गेलेल्या माणसाचा सन्मान करायचा तर त्याच्या काळातली सगळ्यात मोठी गोष्ट टाळून करता येत नाही. ती गोष्ट म्हणजे धरण.

नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९ चा. त्यानुसार सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावे जायची होती, अक्कलकुव्याची ९ आणि अक्राणीची २४. माणिकराव खासदार झाले तेव्हा या गावांतल्या बहुतेकांना आपले गाव बुडणार आहे याची नीट कल्पनाही नव्हती. १९८५ नंतर मेधा पाटकर काठावरच्या गावांतून चालू लागल्या आणि मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण ही नावे देशाला कळू लागली. १९९१ ते १९९४ या काळात मणिबेलीने जे भोगले ते अक्कलकुव्याच्या इतिहासातले सगळ्यात कठीण पर्व म्हणावे लागेल. पोलिसांच्या छावण्या बसल्या, घरे मोडून साहित्य ट्रकांत भरले गेले, काही कुटुंबे गुजरातेत परवेट्याला हलवली गेली, काहींनी जागचे हलायचे नाकारले आणि ते पाण्यात उभे राहिले. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ बुडाले, नवे गुजरातेत गोरा गावी बांधले गेले. १९९३ च्या नोव्हेंबरात धडगाव तालुक्यात सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि एका आदिवासी मुलाचा जीव गेला.

जगाने या गावाची दखल घेतली. मोर्स समितीने १९९२ मध्ये धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेला अहवाल दिला, पुनर्वसनाच्या नावाने जे चालले आहे ते पुरेसे नाही असे त्यात स्पष्ट होते. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने बँकेचे उरलेले कर्ज घेण्याचे थांबवले. १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना कर्ज देण्याविरुद्ध बँकेला जो जाहीरनामा दिला, त्याला नाव दिले ‘मणिबेली जाहीरनामा’. ज्या गावाला धड रस्ता नव्हता त्याचे नाव वॉशिंग्टनच्या कार्यालयांत वाचले जात होते.

त्या वेळी दिल्लीत सरकार काँग्रेसचे, मार्च १९९५ पर्यंत मुंबईतही काँग्रेसचे, आणि या गावांचा खासदार काँग्रेसचा. नर्मदेच्या लढ्यात काठावरची माणसे आज जी नावे घेतात त्यांत त्यांच्या खासदाराचे नाव ठळक नाही. याचा अर्थ त्यांनी काहीच केले नाही असा काढणे अन्यायाचे होईल. पक्षाच्या आत बोलणे, अर्ज पुढे पाठवणे, एखाद्या अधिकाऱ्याला फोन करणे ही कामे दिसत नाहीत आणि नोंदलीही जात नाहीत. तळोद्याची वनजमीन विस्थापितांसाठी मोकळी झाली, सोमावल, नर्मदानगर, रेवानगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, त्यात दिल्लीच्या मंजुऱ्या लागल्याच होत्या. पण सरकारपक्षात राहून सरकारला अडवायचे तर पक्षाची मर्जी पणाला लावावी लागते, आणि ते माणिकरावांच्या प्रकृतीत नव्हते. ज्या निष्ठेने त्यांना नऊ वेळा उमेदवारी मिळवून दिली, त्याच निष्ठेने त्यांचा आवाज खालच्या पट्टीत ठेवला. त्यांच्याविषयी माझे मत विचाराल तर ते एवढ्यात आले.

धरणाची उंची वाढत गेली. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने टप्प्याटप्प्याने बांधकामाला वाट दिली. २००६ मध्ये भिंत १२१.९२ मीटरला पोचली, पुढे १३८.६८ मीटरला. काठावरच्या उरलेल्या पाड्यांना दवाखाना बोटीतून येऊ लागला. तरंगता दवाखाना ही कल्पना कौतुकाची आहे, पण मुळात ती लागली का, हे विचारल्याशिवाय कौतुक पुरे होत नाही.

धरण सोडून पाहिले तरी हिशेब सरळ नाही. धुळे जिल्हा तोडून नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. मागणी जुनी, फायदा मोठा: अक्कलकुव्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी धुळ्यापर्यंत जायची गरज उरली नाही. पण जिल्हा दिला तो शिवसेना-भाजपच्या सरकारने. इतक्या वर्षांच्या काँग्रेस राजवटीत न झालेली गोष्ट विरोधकांच्या हातून झाली, हे जिल्ह्यातल्या काँग्रेसवाल्यांना बोचले असणार. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला, माणिकराव ज्या सरकारात राज्यमंत्री होते त्याच सरकारने आणला. डोंगरात पिढ्यान् पिढ्या जमीन कसूनही ‘अतिक्रमणदार’ म्हणवले गेलेल्यांना तो कायदा म्हणजे मोठा आधार. दावे भरून घेण्याची आणि पाठपुराव्याची वणवण मात्र इथे प्रामुख्याने सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभा, लोकसंघर्ष मोर्चा यांसारख्या संघटनांनी केली. कुपोषणाच्या बातम्या दर पावसाळ्यात अक्कलकुवा आणि धडगावच्या नावाने छापून येत राहिल्या. २०१२ च्या राज्य मानव विकास अहवालात नंदुरबार शेवटचे. २०११ च्या जनगणनेत साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, तीही राज्यात सगळ्यात कमी. नीती आयोगाने २०१८ मध्ये मागास जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ असे गोंडस नाव दिले, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत नंदुरबार होतेच.

हे सगळे एका खासदाराच्या माथी मारणे सोपे आहे आणि चूकही. रस्ते राज्याचे, शाळा जिल्हा परिषदेच्या, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, आणि ते खाते बरीच वर्षे याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या नेत्याकडे होते. खासदाराच्या हातात विचारणे असते. किती आणि कशा आवाजात विचारले, हा प्रश्न रास्त आहे.

आता दुसरी बाजू. नवापूरसारख्या तालुक्यात, १९३४ मध्ये, आदिवासी घरात जन्मलेला मुलगा गावकीपासून सुरू करून धुळे जिल्हा परिषद, मग विधानसभा, मग संसद असा चढत गेला, आणि २००४ मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्री झाला. गृहमंत्री शिवराज पाटील, लातूरचे. आदिवासी खासदाराला मंत्री करायचे तर आदिवासी विकास खाते देऊन मोकळे व्हायचे, ही दिल्लीची रीत. माणिकरावांना नॉर्थ ब्लॉकमध्ये बसवले गेले. एप्रिल २००८ मध्ये मंत्रिमंडळाच्या फेरबदलात ते बाहेर पडले. रुसले नाहीत, पुन्हा लढले, पुन्हा निवडून आले.

आणि मग आला त्यांच्या आयुष्यातला, माझ्या मते, सगळ्यात देखणा प्रसंग. पंधराव्या लोकसभेचे पहिले अधिवेशन १ जून २००९ रोजी सुरू झाले. नवा सभापती निवडला जाईपर्यंत सभागृहातल्या ज्येष्ठ सदस्याला हंगामी सभापती नेमतात, आणि तो मान मिळाला माणिकरावांना. त्यांना शपथ द्यायची राष्ट्रपतींनी. राष्ट्रपती होत्या प्रतिभा पाटील, जळगावच्या. म्हणजे शपथ देणारी खानदेशची आणि घेणारा खानदेशचा. त्यानंतर दोन दिवस लोकसभेच्या त्या उंच आसनावर माणिकराव बसले आणि एकेक सदस्य खाली शपथ घेऊन गेला. लालकृष्ण अडवाणी, प्रणव मुखर्जी, सोनिया गांधी, राहुल गांधी, सगळे. ज्या पक्षाच्या मोठ्या नेत्यांपुढे हा माणूस तीस वर्षे खालच्या आवाजात बोलला, ते सगळे त्या दोन दिवसांत त्याच्यासमोर उभे राहून नाव पुकारले जाण्याची वाट पाहत होते. ३ जूनला मीरा कुमार बिनविरोध सभापती झाल्या, लोकसभेच्या पहिल्या महिला सभापती. ती निवडही माणिकरावांच्याच अध्यक्षतेखाली झाली. नंतर ते आपल्या बाकावर येऊन बसले.

पुढच्या वर्षी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, आधार क्रमांकाची सुरुवात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी झाली. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले. देशातला पहिला आधार क्रमांक टेंभलीच्या रहिवाशाला मिळाला. पुन्हा पहिला क्रमांक! या जिल्ह्याला पहिले क्रमांक पुष्कळ मिळाले आहेत, त्यांची कमतरता नाही.

पण जमीन सरकू लागली होती. २००९ च्या निवडणुकीत माणिकरावांना खरा घाम फुटला तो शरद गावितांमुळे. ते समाजवादी पक्षाचे उमेदवार, पण ओळख राष्ट्रवादीचे मंत्री विजयकुमार गावित यांचे भाऊ म्हणून. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी एका मांडवात आणि नंदुरबारात एकमेकांच्या उरावर. माणिकराव सुमारे ४० हजार मतांनी वाचले. २०१३ च्या जूनमध्ये मनमोहन सिंगांनी शेवटचा फेरबदल केला तेव्हा माणिकरावांना पुन्हा राज्यमंत्री केले, या वेळी सामाजिक न्याय खात्याचे. वय ७८. सरकारला उरले होते जेमतेम अकरा महिने. एवढ्या उशिरा आलेल्या मंत्रिपदाचे करायचे काय, हे त्यांनाच ठाऊक.

२०१४ मध्ये समोर उभ्या राहिल्या विजयकुमारांच्या कन्या डॉ. हीना गावित. वय २६. माणिकराव पहिल्यांदा लोकसभेत गेले तेव्हा त्यांची प्रतिस्पर्धी जन्मालाही आली नव्हती. भाजपने त्या आधी इथे पुष्कळ डोके आपटून पाहिले होते. या वेळी मोदींची लाट होती, घरातच फौज असलेला उमेदवार होता आणि नव्या मतदाराच्या हातात मोबाइल होता. निकाल लागला: हीना गावित ५,७९,४८६, माणिकराव ४,७२,५८१. फरक १,०६,९०५ मतांचा. महाराष्ट्रात काँग्रेसचे दोनच खासदार उरले, नांदेडला अशोक चव्हाण आणि हिंगोलीला राजीव सातव. १९६२ पासून न हललेली जागा गेली.

हरलेल्या आकड्याकडेही नीट पाहावे. पावणेपाच लाख माणसांनी त्या लाटेतही त्यांनाच मत दिले. काही सवयीने, काही इंदिराबाईंच्या आठवणीने, काही माणूस बघून. या तिन्हींची विभागणी करण्याचे यंत्र अजून निघालेले नाही. पण तिसऱ्या कारणाला कमी लेखू नये. तेहतीस वर्षे खासदार राहिलेल्या माणसाबद्दल बाजारात जे बोलले जाते, त्यात ‘खाल्ले’ हा शब्द फार लवकर येतो. माणिकरावांबद्दल तक्रार ऐकू येते ती न बोलण्याची, न भांडण्याची. आजच्या हिशेबाने हे प्रशस्तिपत्रच म्हणायचे.

नंतरची वर्षे शांत गेली, घरच्या राजकारणाने थोडी कडू झाली. २०१९ ला लोकसभेची उमेदवारी मुलाला मिळावी अशी घरची इच्छा होती. पक्षाने ती अक्कलकुव्याचे आमदार के. सी. पाडवी यांना दिली, आणि पाडवी हरले. त्याच वर्षी विधानसभेला मुलगा भरत गावित भाजपकडून नवापुरात उभा राहिला, इगतपुरीच्या आमदार असलेली मुलगी निर्मला गावित शिवसेनेत गेली. दोघेही पडले. नवापुरात मुलाला हरवले ते सुरूपसिंगांच्या मुलाने. चाळीस वर्षांची ती जुनी वाटणी मुलांच्या पिढीत एका निवडणुकीत मोडली. म्हातारा मात्र अखेरपर्यंत काँग्रेसमध्येच राहिला.

२०२४ मध्ये नंदुरबार पुन्हा काँग्रेसकडे आले. के. सी. पाडवींचे चिरंजीव गोवाल पाडवी १,५९,१२० मतांनी जिंकले. म्हणजे या वेळी खासदार डोंगरातून गेला. पण लगेच काही महिन्यांनी विधानसभेला अक्कलकुव्याने के. सी. पाडवींना, सात वेळा आमदार झालेल्या माणसाला, घरी बसवले आणि शिवसेनेचे आमश्या पाडवी आले. एकाच वर्षात एकाच घराला एकदा डोक्यावर घेणारा आणि एकदा खाली उतरवणारा हा मतदार माणिकरावांच्या काळातला नाही. तो विचारतो, आणि उत्तर आवडले नाही तर बदलतो. मोलगी वेगळा तालुका व्हावा ही मागणी अजून उभी आहे. मणिबेलीचे केंद्र अजून क्रमांक एकवर आहे.

जाता जाता एक विनंती, नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुव्याच्या महाविद्यालयांत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांना. माणिकरावांनी सातव्या ते पंधराव्या लोकसभेत काय विचारले आणि काय मांडले ते संसदेच्या कामकाजाच्या छापील खंडांत आहे, कोणालाही काढता येते. विद्यार्थ्यांकडून ते एकदा काढून घ्यावे, म्हणजे ‘काहीच बोलले नाहीत’ आणि ‘फार केले’ ही दोन्ही विधाने तपासता येतील. त्यांच्याबरोबर देवगोई चढलेले, त्यांचे भाषण देहवालीत आणि पावरीत सांगणारे कार्यकर्ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचे बोलणे कुठल्याच खंडात छापलेले नाही. ते आधी नोंदवून घ्या.